सुपरमार्केटशेजारचा मठ



लंडनला पाहुणे आले की त्यांना काय काय दाखवायचं याची आपल्या प्रत्येकाकडे एक ठरलेली यादी असते. बिग बेन, टॉवर ब्रिज, मादाम तुसाँ, बकिंगहॅम पॅलेस, आणि पाहुणे साठीच्या पुढचे असतील तर नीस्डनचं मंदिर. मी ही यादी इतक्या वेळा फिरलोय की टॉवर ब्रिजवरच्या फोटोंमध्ये पाहुणे बदलतात, मी तोच. म्हणून आज या यादीत एक नवी भर सुचवतोय. तिकीट नाही, रांग नाही, आणि येताना आठवड्याचं दूध-ब्रेडही घेऊन येता येतं. कारण ही जागा एका अवाढव्य सुपरमार्केटच्या शेजारी, चारपदरी रस्त्याच्या खाली आहे.

दक्षिण लंडनमध्ये राहणाऱ्यांना कॉलियर्स वूड माहीत असेल. नॉर्दर्न लाइनवर, टूटिंग ब्रॉडवेच्या पुढचं स्टेशन. म्हणजे टूटिंगला मेथी, भेंडी, कढीपत्ता घेऊन झाला की एकच स्टेशन पुढे. बाहेर आलं की समोर एक उंच टॉवर दिसतो. तो एकेकाळी लंडनमधल्या सगळ्यात कुरूप इमारतींत गणला जायचा, आता रंगरंगोटी होऊन त्याचे फ्लॅट झालेत. तिथून दोन मिनिटांवर सेन्सबरीज आहे. १९८९ मध्ये ते सुरू झालं तेव्हा त्याचं नाव सॅव्हासेंटर होतं आणि त्याच्या आकाराचं तेव्हा लोकांना फार कौतुक होतं. त्याच्या बाजूने मेरंटन वे नावाचा रस्ता जातो. गाड्या सुसाट जातात, कोणी थांबत नाही. थांबायचं कारणही दिसत नाही.

या रस्त्याच्या पोटात काँक्रीटची एक मोठी खोली आहे आणि त्या खोलीत नऊशे वर्षांपूर्वी स्थापन झालेल्या एका मठाच्या भिंतींचे पाये आहेत.

कोणाचा मठ?

आसपासचे लोक या भागाला मर्टन ॲबी म्हणतात. खरं तर ही ॲबी नव्हती, प्रायरी होती. म्हणजे तिचा प्रमुख ॲबट नसून प्रायर असायचा. आपल्यासाठी दोन्ही मठच. १११४ साली गिल्बर्ट नावाच्या सरे परगण्याच्या शेरीफने ती स्थापन केली आणि १११७ मध्ये ती वॉन्डल नदीच्या काठी आजच्या जागी आणली. सेंट ऑगस्टीनच्या नियमाप्रमाणे राहणारे धर्मगुरू इथे राहायचे. काळा झगा, सामाईक जेवण, सामाईक निद्रागृह, स्वतःच्या मालकीचं काही नाही.

मठाची कीर्ती शिक्षणासाठीही होती. ज्याचा पुढे ११७० साली कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्ये खून झाला तो थॉमस बेकेट लहानपणी इथे शिकायला होता. ऑक्सफर्डचं मर्टन कॉलेज १२६४ साली काढणाऱ्या वॉल्टर द मर्टनच्या नावातलं मर्टन ते हेच.

पण माझ्या मते या जागेचा खरा मोठेपणा एका बैठकीत आहे. जानेवारी १२३६ मध्ये तिसऱ्या हेन्री राजाचं लग्न झालं, राणीचा राज्याभिषेक झाला, आणि लगेच काही दिवसांत राजा आपल्या सरदारांना आणि बिशपांना घेऊन मर्टनला येऊन बसला. तिथे जो कायदा झाला त्याला स्टॅट्यूट ऑफ मर्टन म्हणतात. इंग्लंडच्या कायद्यांच्या पुस्तकांत सगळ्यात जुन्या लिखित कायद्यांमध्ये याची गणना होते.

मी तो कायदा थोडा वाचला. मला वाटलं होतं राजा, युद्ध, कर असलं काहीतरी असेल. पहिलंच कलम निघालं विधवांचं! नवरा गेल्यावर त्याच्या जमिनीतला बायकोचा हक्काचा वाटा तिला कोणी दिला नाही आणि तिला कोर्टात जावं लागलं, तर वाटा तर द्यायचाच, वर मधल्या काळाची भरपाईही द्यायची. पुढचं कलम असं की त्या जमिनीवरच्या पिकाचं मृत्युपत्र ती स्वतः करू शकते. आणखी एक कलम : वारस अज्ञान असेल तर तो सज्ञान होईपर्यंत बापाच्या कर्जावर व्याज चढणार नाही. गावाकडे चुलत्यांनी दाबून ठेवलेल्या जमिनींच्या आणि सावकारी व्याजाच्या गोष्टी ऐकत मोठे झालेल्या आपल्यासारख्यांना हे काही परकं वाटायला नको.

एक कलम गायरानाचं आहे. गावाची पडीक कुरणं जमीनदाराला कुंपण घालून घेता येतील, पण ज्यांचा चराईचा हक्क आहे त्यांच्यापुरतं कुरण शिल्लक ठेवून. ही 'पण' नंतरच्या शतकांत किती पाळली गेली हा वेगळा, आणि तसा दुःखाचाच, इतिहास आहे.

आणि एक कलम तर झालंच नाही. बिशपांचं म्हणणं होतं, की मूल आधी झालं आणि आईबापांनी लग्न नंतर केलं तरी त्या मुलाला औरस मानावं, जसं चर्चच्या कायद्यात मानतात. सरदारांनी एका सुरात सांगितलं, इंग्लंडचा कायदा आम्ही बदलू देणार नाही. मुद्दा अर्थातच वारसाहक्काचा, म्हणजे जमिनीचा होता. हा बदल शेवटी झाला १९२६ साली. म्हणजे मर्टनच्या बैठकीत पडलेला एक ठराव मंजूर व्हायला ६९० वर्षं लागली. आपल्या ऑफिसात एखादी चेंज रिक्वेस्ट दोन वर्षं पडून राहिली तर आपण किती बोंब मारतो ते आठवा.

खोली कसली?

रस्त्याखाली जे जपलंय ते मठाचं चॅप्टर हाउस, म्हणजे सभागृह. नाव मजेशीर आहे. मठातले सगळे जण रोज सकाळी इथे जमायचे, नियमाच्या पुस्तकातलं एक प्रकरण वाचलं जायचं, म्हणून ते चॅप्टर हाउस. वाचन झालं की दिवसाची कामं वाटायची, कोणाचं काय चुकलं ते सगळ्यांसमोर मांडायचं, व्यवहाराचे निर्णय घ्यायचे. मंडळी, हे आपलं रोजचं स्टँडअपच की! फरक इतकाच की त्यांना भिंतीच्या कडेने बसायला बाक असायचे, आणि चूक कबूल केल्यावर शिक्षाही असायची.

१५३८ च्या एप्रिलमध्ये आठव्या हेन्रीने मठ बंद केला. पोपशी भांडण झाल्यावर त्याने देशभरातले मठ ताब्यात घेऊन विकले किंवा पाडले हे आपण वाचलेलं असतं. मर्टनच्या बाबतीत घाई जास्त होती, कारण राजाला दगड हवे होते. काही मैलांवर नॉनसच नावाचा नवा महाल त्याच महिन्यात बांधायला काढला होता. मठ उतरवून त्याचे कोरीव दगड गाड्यांत भरून महालाच्या पायात घातले. 'यासारखा दुसरा नाही' असा अर्थ असलेल्या त्या महालाचं पुढे काय झालं? दुसऱ्या चार्ल्सने तो आपल्या एका मैत्रिणीला दिला आणि तिने १६८२ च्या सुमारास कर्ज फेडायला तो पाडून विकून टाकला. १९५९ मध्ये तिथे उत्खनन झालं तेव्हा पायात मर्टनचे दगड सापडले. म्हणजे मठही गेला, महालही गेला, आणि दगड तेवढे राहिले.

इथून मर्टनची जागा धंद्याची झाली. वॉन्डल नदी छोटीशीच, पण पाण्याला ओढ चांगली, म्हणून काठाने चक्क्या आणि कापड छपाईचे कारखाने उभे राहिले. १८८१ मध्ये विल्यम मॉरिसने आपला कारखाना इथे आणला. त्याची ती पक्ष्यांची आणि स्ट्रॉबेरीची निळी नक्षी तुम्ही उशीच्या अभ्र्यांवर किंवा डब्यांवर नक्की पाहिली असेल. ती १८८३ ची आणि इथलीच. आधी सगळं कापड निळीत बुडवायचं आणि मग जिथे नक्षी हवी तिथला रंग काढून टाकायचा, अशी ती पद्धत. शेजारच्या छापखान्यात लिबर्टी या दुकानाचं कापड छापलं जायचं, आणि १९०४ मध्ये लिबर्टीने तो छापखानाच विकत घेतला. नेल्सनचं घरही याच परिसरात होतं, पण त्यावर परत कधीतरी.

या सगळ्यात सभागृहावर काय आलं तर १८६८ मध्ये रेल्वे! टूटिंग-विंबल्डन लाइनचे रूळ थेट मठाच्या जागेवरून गेले. १९७५ पर्यंत ती लाइन बंद पडली आणि १९८० च्या दशकात त्याच पट्ट्यावर नवा रस्ता आणि शेजारी सुपरमार्केट बांधायचं ठरलं.

मग सौदा काय झाला?

इथे माझ्या मते विचार करण्यासारखा भाग सुरू होतो. १९७६ ते १९९० या काळात म्युझियम ऑफ लंडनच्या पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी टप्प्याटप्प्याने इथे उत्खनन केलं. चर्च, आजारी लोकांसाठीची इमारत, दफनभूमी असा मठाचा बराच नकाशा मोकळा झाला. सातशेहून जास्त माणसांचे सांगाडे निघाले. सगळं मोजलं, काढलं, नोंदवलं, आणि नंतर त्याचा जाडजूड ग्रंथही छापला. पण जागेवर उघडं ठेवलं ते मुख्यतः एकच, सभागृह. चर्चचा बराचसा भाग आज सुपरमार्केट आणि त्याच्या कारपार्कच्या परिसरात गेला आहे. ट्रॉली ढकलत आपण ज्यावरून जातो ती कदाचित प्रार्थनेची जागा असेल.

सभागृहासाठी रस्त्याची रचनाच तशी केली. रस्त्याचा भार काँक्रीटच्या बांधकामावर, आणि आत पाये मोकळे. आत गेलात तर भव्य काही दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. चकमकीचे गोटे आणि खडूच्या दगडाचे कमरेखालचे पाये, एका टोकाला अर्धगोल वळण, वर करडं काँक्रीट, आणि डोक्यावरून गाड्यांचा घुमणारा आवाज. मला तर तो आवाज आवडतो. काय वाचवलं आणि कशाच्या बदल्यात, ते त्या आवाजात एका क्षणात कळतं.

माझा एक मित्र सिव्हिल इंजिनियर आहे. त्याला घेऊन गेलो तर तो म्हणाला, "अरे, चार पायाच्या दगडांसाठी एवढा खर्च? फोटो काढायचे, नकाशा करायचा आणि माती टाकायची." गंमत म्हणजे पुरातत्त्ववालेही बऱ्याचदा असंच म्हणतात! जमिनीखाली स्थिर ओलाव्यात शेकडो वर्षं टिकलेला दगड उघड्यावर आला की सुकायला लागतो, त्यातले क्षार पृष्ठभागावर येऊन स्फटिक होतात आणि दगडाचे पापुद्रे निघतात. दिवा लावला की शेवाळ येतं. म्हणजे लोकांना दाखवणं आणि जपणं ही दोन कामं एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. १९८९ मध्ये टेम्सच्या दक्षिण काठावर रोझ नावाचं १५८७ सालचं नाट्यगृह सापडलं, तेव्हा नटनट्या आणि सामान्य लोक बुलडोझरच्या आडवे आले. शेवटी वर ऑफिसची इमारत झालीच, पण तिचे खांब अवशेष वाचवून रोवले आणि अवशेष वाळूखाली आणि पाण्याखाली ओले ठेवले. त्या गदारोळानंतर नोव्हेंबर १९९० मध्ये सरकारने नियोजनाचे नवे नियम काढले. बांधकामाची परवानगी मागतानाच जमिनीखाली काय आहे ते तपासायचं, शक्य तर जागेवर जपायचं, आणि नाहीच जमलं तर उत्खननाचा खर्च बांधणाऱ्याने करायचा. नियमांची नावं नंतर बदलली, पण तत्त्व तेच राहिलं.

मर्टन या नियमाच्या आधीचं. म्हणून मला त्या सौद्याचं कौतुकही वाटतं आणि चुटपुटही लागते. सगळं जपता येत नाही हे मला पटतं. कॉलियर्स वूडच्या लोकांनाही रस्ता आणि दुकान हवंच होतं. पण तीन गोष्टी व्हायला हव्यात असं माझं मत आहे. एक, जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीची नोंद. दोन, निदान एक खोली जागेवर. आणि तीन, ती खोली उघडी. पहिल्या दोन इथे झाल्या. तिसरी अजून रोज करावी लागते.

कारण खोली बांधली, वारसायादीत नाव लागलं, आणि मग बरीच वर्षं तिला कुलूपच जास्त होतं. नंतर एका विश्वस्त संस्थेने चिकाटी धरली, राष्ट्रीय लॉटरीच्या वारसा निधीतून पैसे मिळवले, नवं दार केलं, आतली मांडणी सुधारली. पण आजही उघडणं, झाडणं, माहिती सांगणं हे सगळं स्वयंसेवकांवर आहे, आणि त्यातले बरेच जण निवृत्त झालेले आहेत. आपल्या धंद्यातली गोष्टच आहे ना ही? प्रोजेक्टला बजेट मिळतं, मेंटेनन्सला नाही. उद्घाटनाची फीत कापायला सगळे येतात, आणि पाचव्या वर्षी गळणारं छत बघायला कोणी नसतं.

गेल्या उन्हाळ्यात आई आली होती साताऱ्याहून, तेव्हा तिलाही नेलं. तिला इतिहासाचं विशेष काही नाही. सगळं शांतपणे बघितलं, तिथल्या आजोबांनी समजावून सांगितलेलं मी मराठीत सांगितलं ते ऐकलं, आणि बाहेर येताना म्हणाली, "अरे, पण यांच्यानंतर इथे दिवाबत्ती कोण करणार?" मी ते त्या आजोबांना इंग्रजीत सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, आमच्या प्रत्येक मीटिंगमध्ये हाच विषय असतो.

आणि आपल्याकडे?

ज्यांनी जुनं गोवं पाहिलंय त्यांना सेंट ऑगस्टीनचा मनोरा आठवत असेल. टेकडीवर एकटाच उभा असलेला जांभ्या दगडाचा सुळका. तोही ऑगस्टीनच्याच नियमाने चालणाऱ्या साधूंचा मठ. मर्टनच्या लोकांचे दूरचे चुलतभाऊ म्हणा. इंग्लंडमध्ये १५३८ ला झालं ते तिथे १८३५ ला झालं. पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघ बरखास्त केले, इमारत ओस पडली, १८४२ मध्ये छत कोसळलं आणि १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा गेला. लोकांना तो पडका सुळकाच वाटायचा. पण पुरातत्त्व खात्याने तिथे नेटाने उत्खनन केलं आणि जॉर्जिया देशाच्या केतेवान राणीचे अवशेष सापडले. १६२४ मध्ये इराणमध्ये तिला मारलं होतं आणि साधूंनी तिच्या अस्थी गोव्याला आणल्या होत्या. डीएनए तपासणी झाली, आणि २०२१ मध्ये भारताने ते अवशेष जॉर्जियाला भेट दिले. चारशे वर्षांनी एक राणी घरी परतली, कारण कोणीतरी त्या पडक्या जागेवर माती टाकून पार्किंग केलं नाही.

२०१९ मध्ये पुण्यात स्वारगेटला मेट्रोच्या कामात जुनं भुयार लागलं होतं, ते आठवत असेल. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून शहरात पाणी आणलं होतं, त्या योजनेशी त्याचा संबंध असावा अशी चर्चा तेव्हा खूप झाली. आपल्या शहरांत येती वीस वर्षं खोदकामाचीच आहेत. मेट्रो होणारच, व्हायलाच हवी. प्रश्न एवढाच की खोदणाऱ्या यंत्राला थांबवायचा अधिकार कोणाला, किती दिवस, आणि खर्च कोणाचा, हे आधी लिहून ठेवलेलं आहे का. लंडनमध्ये हे शहाणपण आभाळातून पडलं नाही. आधी बरंच गमावलं, लोक रस्त्यावर आले, मग नियम झाला. आपल्याला तेवढं गमवावं लागू नये.

असो. भाषण पुरे, आता कामाचं. कॉलियर्स वूड स्टेशनपासून चालत दहा मिनिटं लागतात. सेन्सबरीजच्या बाजूने रस्त्याखालून जाणारी वाट घ्या, सभागृहाचं दार तिथेच आहे. ते रोज उघडं नसतं, ठरावीक दिवशी, बहुतेक रविवारी उघडतात, म्हणून निघण्याआधी वेळ बघून घ्या. पलीकडे मर्टन ॲबी मिल्समध्ये जुनं पाणचक्र आहे, खायची सोय आहे, आणि मुलांसाठी कलर हाउस नावाचं छोटं नाट्यगृह आहे. पाय दुखत नसतील तर मर्टन पार्कच्या सेंट मेरी चर्चमध्येही जा. मठाची एक नॉर्मन कमान १९१४ मध्ये एका घराच्या भिंतीत सापडली होती, ती १९३५ मध्ये तिथे पुन्हा उभी केली आहे.

आणि तुमच्यापैकी दक्षिण लंडनमध्ये राहणाऱ्या कोणाकडे महिन्यातून एखादा रविवार मोकळा असेल तर तिथल्या आजोबांशी जरूर बोला. इंग्रजीत बोलायला मिळेल, इतिहास आपोआप पाठ होईल, आणि चहा ते देतात. मी पुढच्या महिन्यापासून जाणार आहे. कोणी सोबत येणार असेल तर कळवा.

पुढच्या वेळी, कबूल केल्याप्रमाणे, ग्रीनिचच्या घड्याळाबद्दल.

कळावे, लोभ असावा.